दिव्याखालची शेवंती

कुमुदचं पत्र येऊन आज दोन दिवस झाले. देवाच्या कोनाड्यात काडेपेटीखाली ते ठेवलं आहे. संध्याकाळी निरांजन लावायला काडेपेटी उचलली की ते दिसतं, आणि दिसलं की मी दुसरीकडे बघते. पत्रात वाईट काही नाही. तळासरीला सगळं क्षेम आहे. मास्तरांचा खोकला कमी आहे, वालाच्या वेलाला फूल धरलं आहे, आणि त्यांच्या अंगणासमोर विजेचा खांब उभा राहून त्यावर दिवाही लागला आहे. शेवटी घाईघाईनं लिहिलेल्या दोन ओळी आहेत: 'यंदा शेवंतीला नुसता पाला. एक कळी नाही. तुम्ही तुमच्या झाडांना काय करता ते सविस्तर कळवा.'

ते वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगून टाकते. बरं वाटलं. उगीच कशाला खोटं बोलू? हातातलं पीठ झटकलं, पत्र पुन्हा एकदा वाचलं, 'एक कळी नाही' हे शब्द तिसऱ्यांदा वाचले आणि त्या दिवशीची भाकरी मला जरा जास्तच गोड लागली. मी हेवेखोर बाई आहे. माझ्या सासूबाईंना हे माहीत होतं, ह्यांना माहीत आहे, आणि कुमुदला तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

तुळशीची लग्नं उरकली की दर वर्षी आमच्या डहाणूची हवा कूस बदलते. समुद्राकडून येणारं चिकट वारं पहाटेपुरतं पडतं आणि उलट्या बाजूनं, गंजाडच्या डोंगरांकडून, कोरडं गार वारं खाली उतरतं. त्याला कापलेल्या भाताचा वास असतो. खोबरेल तेल बाटलीत थिजतं. ओठ उलतात. दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं आणि बायका गोधड्या, लोकरीचे गुंडे, क्रोशाच्या सुया घेऊन ओट्यावर येऊन बसतात. घाटावरच्या माणसांना आमच्या ह्या थंडीचं हसू येईल, पण आम्हाला ती पुरते. कुठंतरी वाडीत मडक्यात वालाच्या शेंगा आणि कंद भरून, ते उपडं घालून वर जाळ केलेला असतो, आणि त्याचा धुरकट, ओवा घातल्यासारखा वास संध्याकाळभर रेंगाळतो. ह्या वासाबरोबर मला भूक लागते आणि कुमुद आठवते, दोन्ही एकदम.

ही गोष्ट आहे दहा-अकरा वर्षांपूर्वीची. महाराष्ट्र अजून व्हायचा होता, बाजारातल्या निम्म्या पाट्या गुजराती होत्या आणि मी लग्न होऊन डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टरात नुकती रुळले होते. आमचे हे मालधक्क्यावर कारकून. दिवाळीनंतर डोंगरपट्टीतून गवताच्या गाड्या यायला लागत. त्या गवताच्या गाठी बांधून वॅगनी भरायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना करायच्या. ह्यांच्या सदऱ्याच्या शिवणीत, कानामागं, एकदा तर ताकाच्या वाटीत गवताची काडी निघाली. घरभर गवताचा गोडसर वास. मी चिडचिड करायची, पण खरं म्हणजे तो वास मला आवडायचा.

गवताची भरणी अंधार पडल्यावरही चालायची, म्हणून रेल्वेनं आमच्या दारासमोरच लोखंडी खांब रोवून त्यावर मोठा दिवा बसवला होता. तो दिवेलागणीला लागला की उजाडेपर्यंत जळे. आजूबाजूच्या घरांत कंदील आणि चिमण्या. आमच्या ओट्यावर मात्र सुईत दोरा ओवता येईल असा लख्ख उजेड. त्या दिव्याचा मला इतका अभिमान, जणू तो मी माहेरून आणला होता. पाहुणे आले की मी मुद्दाम ओट्यावर चटई टाकायची. "आत कशाला, इथंच बसू, उजेड आहे."

रस्त्यापलीकडच्या कौलारू घरात कुमुद राहायची. तिचा नवरा सरावलीच्या शाळेत मास्तर होता. माहेर नरपडचं, वडिलांची नारळ-चिकूची वाडी. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, म्हणून ती मला वहिनी म्हणायची आणि मी तिला नुसतं कुमुद. तिच्या घरात वीज नव्हती, पाणी विहिरीवरून आणावं लागे, भिंतीला पोपडे आलेले. पण तिला अंगण होतं. त्या अंगणात ती जे टाकी ते उगवे. तोंडलीच्या मांडवाखाली बसलं तर डोक्याला तोंडली लागत. वाल कुंपण ओलांडून रस्त्यावर लोंबे. कार्तिकात हळदीची पानं पिवळी पडली की ती एकेक गड्डा उपटून माझ्यासमोर झटके आणि म्हणे, "बघा ना वहिनी, यंदा काही खास नाय आली." आणि गड्डा माझ्या तळव्याएवढा.

ह्या सगळ्याचं मला काही वाटलं नसतं. वाल काय, बाजारात मिळतो. पण तिची शेवंती होती. पिवळी, बंद्या रुपयाएवढी, तोंडभरून उमललेली. मार्गशीर्षात त्या कोपऱ्यात हळदीचा डबा लवंडल्यासारखा दिसायचा. आणि कुमुद ती फुलं केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफून अशी वेणी करायची की स्टेशनमास्तरांची बायको, जी कुणाच्या दारात पाय ठेवत नसे, ती माझ्या दारावरून चालत तिच्याकडे वेणी सांगायला जायची. माझ्या दारावरून. जाताना माझ्याकडे बघून हसायचीसुद्धा.

मग त्या वर्षी पावसाच्या तोंडाशी मी कुमुदकडे शेवंती मागितली. मागायला मला आठ दिवस लागले. तिनं मात्र तिथल्या तिथं खुरपं घेऊन बारा फुटवे काढले, मुळांशी आपल्याच अंगणातली माती ठेवून ओल्या फडक्यात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले.

"कुठं लावू?" मी विचारलं.

तिनं आमच्या अंगणाकडे पाहिलं. मग वर खांबाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमचं अंगण, तुमची मर्जी."

मी ते खांबाच्या बुंध्याशी, बरोबर दिव्याखाली लावले. मागच्या दारी इंजिनाच्या राखेची जमीन, तिथं अळूशिवाय काही येत नाही, हे एक कारण. खरं कारण असं की येणाऱ्या-जाणाऱ्याला, विशेषतः स्टेशनमास्तरांच्या बायकोला, ती रात्रीसुद्धा दिसावीत.

श्रावणात माझी रोपं गुडघ्याला लागली. भाद्रपदात ती कुमुदच्या रोपांहून दाट झाली. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला ती आली तेव्हा मी तिला हाताला धरून अंगणात नेलं. "बघ तरी!" ती म्हणाली, "छान आहे की पाला." पाला म्हणाली. मला तो शब्द लागला, पण म्हटलं, दिवाळी होऊ दे, मग बघू.

दिवाळी झाली. तिच्या झाडांना कळ्या धरल्या, माझ्या झाडांना पानं. तुळशीचं लग्न झालं. तिच्या कळ्या फुगल्या, माझी पानं आणखी हिरवी झाली. रोज सकाळी अंगण झाडायच्या निमित्तानं मी दाराशी जायची आणि झाडता झाडता रस्त्यापलीकडच्या कळ्या मोजायची. आधी चाळीस होत्या, मग मोजता येईनाशा झाल्या. चहा कडू लागायचा. हे विचारायचे, "बरं नाही का?" मी म्हणायची, "थंडी बाधली." मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मला देवीला वाहायला फूल नव्हतं. तेवढ्यात कुमुदच पानात आठ-दहा शेवंतीची फुलं घेऊन आली. "तुमची उशिरा येणार वाटतं," म्हणाली. मी ती फुलं देवीला वाहिली. नमस्कार केला तेव्हा देवीकडे काय मागितलं ते इथं लिहीत नाही.

त्याच दिवसांत कुमुदच्या धाकट्या बहिणीचं, सुलूचं, लग्न ठरलं होतं. रुखवतात ठेवायला कुमुदला क्रोशाचा मोठा गोल रुमाल विणायचा होता. तसा रुमाल आमच्या टीपॉयवर होता, माझ्या मावशीनं मला शिकवलेला. कंदिलाच्या उजेडात तिला टाके दिसत नसत, म्हणून ती रोज दिवेलागणीनंतर आमच्या ओट्यावर येऊन बसे. मी सांगायची, ती विणायची. बाजारातल्या गुजराती शेटनं "आ दोरो सारो छे, बेन" म्हणून दिलेला पांढरा दोरा तिच्या मांडीवर. समोर धक्क्यावर गवताच्या गाठी चढवणाऱ्या माणसांचे आवाज. डोक्यावर माझा दिवा. आणि दिव्याखाली माझी वांझोटी झाडं.

"तुमचं बरं आहे वहिनी," ती एकदा सुई थांबवून म्हणाली. "आयता दिवा मिळालाय."

"त्यात काय," मी म्हटलं, आणि त्या दिवशी मला थोडं बरं वाटलं.

पण एक विचार डोक्यात शिरला तो निघेना. तिनं मला मुद्दामच तसे फुटवे दिले असणार. न फुलणारे. बायका नाही का, लोणच्याचं प्रमाण सांगताना एक जिन्नस हळूच गाळतात आणि वर तोंडभरून म्हणतात, 'सगळं सांगितलं हो!' तिच्या त्या साध्या चेहऱ्यामागं हे असलं पाहिजे. नाहीतर एकाच मातीचं, एकाच आईचं रोप रस्त्याच्या त्या बाजूला फुलतं आणि ह्या बाजूला फुलत नाही, हे कसं? जितका जास्त विचार केला तितकं ते खरं वाटायला लागलं. तिनं "छान आहे की पाला" म्हटलेलंही आठवलं.

त्या रुमालात एक गोम होती. शेवटी काठाला पंख्यासारख्या पाकळ्या येतात. पाकळ्यांच्या आधीच्या ओळीत ठरावीक अंतरावर दोन-दोन टाके एकत्र घेऊन वीण आवळावी लागते. तेवढी एक ओळ घातली की काठ टीपॉयवर सपाट बसतो. ती गाळली की टाके वाढत जातात आणि सगळा काठ वरखाली होऊन उभा राहतो. कितीही दाबा, बसत नाही.

कुमुद त्या ओळीशी आली तेव्हा तिनं मला सरळ विचारलं. "पाकळ्यांच्या आधी काही करायचं असतं का हो, वहिनी?"

"काही नाही," मी म्हटलं. "सरळ पाकळ्याच घे."

इतकं सोपं होतं ते. तिनं मान हलवली आणि सुई घातली. मी माझं विणकाम उचललं. आत एक गार, गोड असं काहीतरी पसरलं, आणि पहिल्यांदाच मला दिव्याखालच्या त्या झाडांकडे बघून राग आला नाही.

चार-पाच दिवसांनी जानकीबाय आली. जानकीबाय गंजाडची. स्वतःच्या शेतातला भात, नागली, वालाच्या शेंगा, कंद डोक्यावर घेऊन आठवड्याला एकदा क्वार्टरांत यायची. ओट्यावर टोपली उतरवून ती पाणी प्यायली आणि माझ्या झाडांकडे बघत राहिली.

"बाय, ही फुलायची नाय," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. देणारीनंच वाईट दिली."

"देणारीचं काय? रोप झ्याक हाय." तिनं हनुवटीनं वर दाखवलं. "तुमी हिला निजूच देत नाय. रातभर डोल्यावर बत्ती. निजली नाय तं फुलंल कवा?"

मी हसले. झाडाला कसली झोप?

जानकीबायला माझं हसणं आवडलं नसावं. "चला," म्हणाली, आणि मला घेऊन धक्क्याच्या टोकाला गेली. तिथून रेल्वेच्या हद्दीला लागून कुणाचं तरी शेत होतं. भात केव्हाच कापून नेलेला, सगळीकडे पिवळी धसकटं. फक्त कुंपणाजवळ, यार्डाच्या दिव्याखाली, एक हिरवा गोल तसाच उभा होता. दिव्याचा उजेड जिथवर पडत होता तिथवर हिरवा आणि त्यापुढं कापलेला. मालकानं तेवढाच सोडून दिला होता, कारण कापण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी वाकून पाहिलं. एकाही रोपाला लोंबी नव्हती.

"थंडीची रात मोठी होते, तवा त्याला कलतं, आता भरायचं," जानकीबाय म्हणाली. "हितं रात झालीच नाय."

जो दिवा मी मिरवला तोच माझ्या फुलांच्या मुळावर उठला होता, आणि कुमुदनं मला दिलेलं रोप तिच्या अंगणातल्या रोपाइतकंच खरं होतं. मी तशीच चपला सरकवून तिच्या घराकडे निघाले. अजून वेळ होता. एवढंच सांगायचं होतं, 'अगं, एक ओळ राहिली, उसव.' माझ्याकडून चुकून राहिली असंही म्हणता आलं असतं. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, आज सकाळीच नरपडला गेली, लग्नाच्या तयारीला. रुमाल पुरा झाला, तोही घेऊन गेली.

लग्नाला मी जाणार नव्हते. डोकं दुखतं म्हणाले, पोट दुखतं म्हणाले. पण कुमुदचं आवतण ह्यांनी घेतलं होतं, आणि ह्यांना जेवणावळ चुकवायला आवडत नाही. टांग्यातून नरपडला जाईपर्यंत मी डोळ्यांपुढं एकच गोष्ट बघत होते: रुखवताच्या टेबलावर वेडावाकडा उभा राहिलेला तो रुमाल, त्याला बोट लावून हसणाऱ्या वरपक्षाच्या बायका, आणि मान खाली घातलेली कुमुद.

रुखवत नारळाच्या बागेत मांडलं होतं. भोवती बायकांची ही गर्दी. मी मागून पाहिलं. कुमुदनं तो रुमाल खळ घालून कडक केला होता आणि एका उपड्या वेताच्या परडीवर पसरला होता. काठ चहूबाजूंनी लाटा होऊन उभा होता. प्रत्येक लाटेच्या पोटात तिनं शेवंतीचं एकेक पिवळं फूल ठेवलं होतं. लाडूंचं ताट, साखरेचा बंगला, काचेच्या मण्यांचा मोर, कुणी बघत नव्हतं. वरमाय वाकून तो काठ बोटानं चाचपत होती.

"कुणाची गो ही वीण?" तिनं विचारलं.

कुमुदनं मान वर करून गर्दीत मला शोधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्या आमच्या वहिनींची. डहाणू रोडच्या. त्यांनीच शिकवली मला."

मग सगळ्याजणी माझ्याकडे वळल्या. ह्या लाटा कशा घेतल्या, किती टाके वाढवले, आम्हाला शिकवा ना. मला काय सांगता येणार? मला सपाटच येत होतं. मी "सोपं आहे हो" असं काहीतरी पुटपुटले. कान तापले होते. आणि त्या तसल्या अवस्थेतही, माझं मेलीचं मन कसं बघा, मला लाज वाटली ती नंतर. आधी हेवा वाटला. मी तिला बिघडलेली वस्तू दिली आणि तीसुद्धा तिच्या हातात फुलली.

परत आल्यावर मी शेवंतीवर रोज संध्याकाळी एक मोठा टोपला उपडा घालायला लागले. दिवा विझवा म्हणून ह्यांच्याकडे हट्ट धरून पाहिला होता, पण हे म्हणाले, "रेल्वेचा दिवा तुझ्या शेवंतीसाठी विझवायचा?" आठ-दहा दिवस टोपला घालूनही काही फरक दिसेना. जानकीबाय पुढच्या खेपेला आली, टोपला उचलून उजेडाकडे धरला आणि हसली. वेताच्या भोकाभोकांतून आभाळ दिसत होतं. तिनं तो तिथंच शेणानं आतून-बाहेरून लिंपून दिला, "आमी भात ठेवायचा टोपला लिंपतो तसा," म्हणाली. पौष अर्धा झाला तेव्हा माझ्या झाडांना कळी धरली.

त्याच पौषात मास्तरांची बदली तळासरीला झाली. सामानाची गाडी निघायच्या वेळी कुमुद निरोप घ्यायला आली. मी नुकताच टोपला काढून ठेवला होता. तिनं त्या तीन कळ्या पाहिल्या, टोपल्याकडे पाहिलं. "आल्या वाटतं," म्हणाली. मला तिला सांगायचं होतं. शब्द ओठांवर होते. पण मास्तरांनी हाक मारली, आणि मला ते बरंच वाटलं.

मधली वर्षं तशीच गेली. माझी शेवंती टोपल्याखाली का होईना दर वर्षी फुलत राहिली. ह्यांना बढती मिळाली पण स्टेशन तेच राहिलं. दोन वर्षांमागं ह्यांच्या कामाला म्हणून तळासरीला जाणं झालं तेव्हा मी कुमुदच्या दारात उभी राहिले. हेच दिवस होते. ती अंगणात उन्हात बसून गोधडीला टाके घालत होती. मागं शेवंती होतीच, पूर्वीसारखी, किंबहुना जास्त. मी गोधडीचं दुसरं टोक मांडीवर ओढलं आणि सुई मागितली. दोघींमध्ये कापड असलं की बोलणं सोपं जातं.

"कुमुद, त्या रुमालातली एक ओळ मी तुला सांगितलीच नव्हती."

"माहीत आहे," ती टाका घालत म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"नरपडला जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही चहा करायला आत गेलात ना, तेव्हा तुमच्या टीपॉयवरच्या रुमालाची ओळ मी बोटानं मोजून पाहिली. दोन-दोन टाके एकत्र होते."

"मग उसवलं का नाहीस?"

"लग्न पाच दिवसांवर आलेलं. उसवून विणायला वेळ कुठं होता? म्हटलं, उभाच राहतोय तर राहू दे." मग तिनं सुई गोधडीत खोचून माझ्याकडे पाहिलं. "आणि तुमचं नाव मुद्दाम मोठ्यानं घेतलं मी. म्हटलं, होऊ दे तोंड लाल."

मी हसायला लागले. ती मात्र हसली नाही. पुन्हा सुई उचलून खाली मान घालून म्हणाली, "मी तरी कुठं सांगितलं तुम्हाला दिव्याचं?"

"म्हणजे?"

"आमच्या वाडीत राखणीची बत्ती लावायचे. तिच्याजवळचं झाड फुलत नाय, हे लहानपणापासून पाहिलेलं. तुम्ही फुटवे खांबाशी लावलेत तेव्हाच मला ठाऊक होतं." थोडं थांबून तिनं दोरा दातानं तोडला. "तुमच्याकडं दिवा होता. रोज तुमच्या ओट्यावर येऊन बसावं लागायचं, ते मला आवडायचं नाय वहिनी. मनात यायचं, दिवा त्यांच्याकडं आहे, निदान फुलं तरी माझ्याकडं असू देत."

गोधडीची ती बाजू आम्ही दोघींनी पुरी केली. माझे टाके तिच्यापेक्षा बारीक पडत होते. ते मी पाहिलं, आणि तिनंही पाहिलं.

लोक म्हणतात, मनातलं बोलून टाकलं की मन स्वच्छ होतं. माझं झालं नाही. त्या दिवशी परतताना मला हलकं वाटलं खरं, पण रस्ता संपायच्या आत मी तिच्या शेवंतीचं आळं केवढं होतं याचा अंदाज बांधत होते. एवढं मात्र कळलं की माझ्या पोटात जे इतकी वर्षं होतं ते तिच्याही पोटात होतं, आणि त्या सगळ्या संध्याकाळी आम्ही दोघी एका दिव्याखाली गुडघ्याला गुडघा लावून तेच घेऊन बसलो होतो. तिच्याइतकं मला ओळखणारं दुसरं कुणी नाही. ह्यांनासुद्धा इतकं जमलेलं नाही.

आणि आता तिला दिवा मिळाला आहे. हवा होता तसा, अंगणासमोर, रात्रभर जळणारा. आता कंदिलाशी डोळे फोडायला नकोत. शेवंती तेवढी गेली.

काल दुपारी मी उत्तर लिहायला घेतलं. कार्डावर बारीक अक्षरात लिहिलं: 'दिवेलागणीच्या आधी मोठा टोपला उपडा घालावा. सकाळी ऊन आल्यावर काढावा. कळ्या चांगल्या दिसेपर्यंत एकही दिवस चुकवू नये.' खाली सर्वांस आशीर्वाद. वाचून पाहिलं. सगळं बरोबर होतं, एक अक्षर खोटं नव्हतं. तिनं माझा टोपला पाहिला होता, पण ओझरता. तो उजेड अडवायला मुद्दाम लिंपलेला होता, हे तिला कळलेलं नसणार. कार्ड पुरं झालं असं म्हणून मी ते तिच्या पत्राशेजारी काडेपेटीखाली ठेवून दिलं.

आज संध्याकाळी शेवंतीवर टोपला घालायला गेले तर त्याची एक बाजू पोपडे धरून निखळली होती. अंगणाला आता एकाऐवजी तीन दिवे आहेत. शेण कालवून आणलं आणि खाली बसून मी तो लिंपायला घेतला. भोकं बुजवता बुजवता हात थांबला. दहा वर्षांपूर्वी ओट्यावर 'काही नाही, सरळ पाकळ्याच घे' म्हणाले तेव्हा आत जे गार, गोड पसरलं होतं, तेच काल कार्ड लिहून झाल्यावर पसरलं होतं. मला ते ओळखीचं वाटलं नव्हतं, एवढंच.

हात धुऊन आत आले. कार्डावर जागा उरली नव्हती. पत्त्याच्या रेघेलगत, कडेकडेनं, कार्ड आडवं धरून मी लिहिलं: 'टोपला आतून-बाहेरून शेणानं लिंपून घे. नाहीतर काही उपयोग नाही.' शाई ओली होती तरी ह्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता स्टेशनच्या पेटीत टाकून या. हे म्हणाले, "एवढी काय घाई?" मी म्हटलं, "आहे घाई."

मार्गशीर्ष तर गेलाच. पण रथसप्तमीपर्यंत तिची शेवंती फुलेल. माझ्यापेक्षा चांगली फुलेल, ते मला आत्ताच माहीत आहे. हळदीकुंकवाला ती मला बोलावील आणि मी जाईन. तिच्या अंगणात पाय टाकल्यावर आधी फुलं मोजीन, मग तिला हाक मारीन.